बॅटरी खलास

दुपारी चार ते सहा मी घरीच शिकवणी घेते. मिरजेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातली बाहेरची खोली तेवढ्या वेळापुरती वर्ग होते. एक फळा, एक सतरंजी आणि चौथी-पाचवीची बारा-तेरा मुलं. सहा वाजता पालक न्यायला येतात. दारात चपला घालणाऱ्या मुलाकडे बघत त्याच्या आईला सांगायचं माझं एक वाक्य ठरलेलं असे. "ताई, याचा मोबाइल जरा कमी करा. लक्षच लागत नाही."

एकदा हेच वाक्य मी बोलत होते आणि पडद्याआडून गाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. आत आमचा मुन्ना होता. वय पावणेदोन वर्षं. त्याच्या बोटानं आवाजाचं बटण दाबलं गेलं होतं. त्या ताईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी मात्र घाईघाईनं म्हटलं, "आत्ताच दिलाय, पाच मिनिटं."

पाच मिनिटं नव्हती. पावणेदोन तास झाले होते.

आज जे लिहायचं आहे ते या "पाच मिनिटां"बद्दल. आपण चारजणी जमलो की मुलांच्या तक्रारी करतो, सुनांच्या करतो, शाळेच्या करतो. स्वतःची तक्रार कोणी करत नाही. म्हणून मी माझ्यापासून सुरुवात करते.

मुन्नाचे अब्बा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मोठी मुलगी दुसरीत. अम्मींचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या मुलामागे धावू शकत नाहीत. असं असलं की आई वाट शोधते, आणि ती नेहमी सोपी असते. मी शोधलेल्या वाटा या अशा : सकाळी नाश्त्याऐवजी चहात बुडवलेली दोन ग्लुकोज बिस्किटं. थंडीत एक दिवसाआड अंघोळ, आणि विचारलं तर "सर्दी आहे त्याला". रात्री दोनदा बदलायचा डायपर एकदाच. गोष्टीचं पुस्तक वाचताना दोन-दोन पानं एकदम उलटणं. दारात झोळी घेऊन येणाऱ्या फकीरबाबांकडे बोट दाखवून "जेवला नाहीस तर घेऊन जातील" म्हणणं. ज्यांना सलाम करायला शिकवायचं, त्यांचीच भीती मी घातली.

आणि या सगळ्यांच्या वर मोबाइल. जेवताना मोबाइल, कारण मोबाइलसमोर तोंड आपोआप उघडतं. केस कापताना मोबाइल. स्वयंपाकाच्या वेळी, शिकवणीच्या वेळी, पाहुणे आले की मोबाइल.

माझ्याकडे एक ढालही होती. मी त्याला "इस्लामी" व्हिडिओ लावून द्यायचे. हम्द, नात, दुआ शिकवणारी कार्टून. मनात म्हणायचे, बघतोच आहे तर सवाबाचं बघू दे. पण ते व्हिडिओ एकामागून एक आपोआप सुरू होतात. बिस्मिल्लाहपासून निघालेला मुलगा अर्ध्या तासात ट्रॅक्टर, रंगीत अंडी आणि किंचाळणारी माकडं यांच्यापर्यंत पोहोचलेला असायचा. मला ते कळत होतं. मी उठून बदलत नव्हते, कारण उठले तर त्याला मी दिसले असते.

सर्वांत लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. मी नमाजला उभी राहिले की तो पायांना मिठी मारायचा, सजद्यात गेले की पाठीवर चढायचा. म्हणून नमाजआधी मी त्याला मोबाइल देऊ लागले. माझं लक्ष अल्लाहकडे लागावं म्हणून मुलाचं लक्ष पडद्याकडे.

मुन्ना दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाईंनी वजन केलं, उंची मोजली आणि विचारलं, "दोन शब्द जोडून बोलतो का? पाणी दे, अम्मी ये, असं?" नाही बोलत. "एकेक शब्द किती?" मी मोजायला लागले. अम्मा, अब्बा, पानी, नको... दहा-बारापुढे जाईनात. त्यांनी त्याच्या पाठीमागून नावानं हाक मारली. तो वळला नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "मोबाइल, टीव्ही किती वेळ?"

"अर्धा तास," मी म्हटलं. "फार तर पाऊण."

त्यांनी ते कागदावर लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं. आणि म्हणाल्या, "स्क्रीन एवढाच असेल तर आधी कान तपासू या. ऐकू कमी येत असेल तर बोलणं उशिरा येतं."

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. त्या रात्री इशानंतर मुसल्ल्यावर बसून मी रडत दुआ मागत होते, या अल्लाह, माझ्या मुलाच्या कानांना काही होऊ देऊ नकोस. मागता मागताच थांबले. ज्या बाईंना मी मुलाच्या उपचारासाठी भेटले, त्यांच्याशी मी खोटं बोलले होते. आणि जो सगळं जाणतो, त्याच्याकडे हात पसरून त्याच खोट्यातून सुटका मागत होते.

मुन्नाचे अब्बा दुसऱ्या शिफ्टहून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी उघडलं आणि माझ्यासमोर धरला. कोणतं अॅप दिवसभरात किती वेळ चाललं याचा हिशेब फोनच ठेवत असतो. फक्त व्हिडिओंचा वेळ होता ४ तास १० मिनिटं. मग ते हळूच म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी माझ्या फोनवरही बघतो. ते यात धरलेलं नाही." त्या रात्री कबुली देणारे आम्ही दोघं होतो.

दोन दिवसांनी मी एकटीच डॉक्टर बाईंकडे गेले. दारात पाय अडखळला, पण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अर्धा तास हे उत्तर मला रोज मिळतं. तुम्ही परत आलात, हे रोज होत नाही." मग समजावून सांगितलं. बोलणं उशिरा येण्याची कारणं बरीच असतात, म्हणून कानांची तपासणी तरीही करायचीच. सगळा दोष मोबाइलचा, असं त्या म्हणणार नाहीत. पण मूल बोलायला शिकतं ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून. ते आवाज काढतं, आपण उत्तर देतो, ते पुन्हा काढतं. पडदा फक्त बोलत राहतो, मुलाच्या आवाजाला उत्तर देत नाही. "चार तास तो मोबाइलवर असतो, म्हणजे चार तास त्याच्याशी कोणी बोलत नाही. हिशेब एवढाच आहे."

त्यांनी सांगितलेले नियम इथे देते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये लहान मुलांसाठी सूचना काढल्या. १ वर्षाच्या मुलालासुद्धा स्क्रीन नको, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात १ तासाहून जास्त नको, कमी असेल तेवढं चांगलं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही तसंच आहे. २ वर्षांखाली स्क्रीन नाहीच, अपवाद नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलचा. म्हणजे सौदीतल्या मामूंशी बोलायला हरकत नाही. माकडांशी आहे.

तपासणीत कान व्यवस्थित निघाले, अल्हम्दुलिल्लाह. आता पुढचं काम आमचं होतं.

पहिले तीन दिवस कसे गेले ते शेजाऱ्यांना विचारा. भिंतीपलीकडच्या भाभी दुसऱ्या दिवशी विचारायला आल्या, मूल पडलं की काय. जेवणाचं ताट तो ढकलून द्यायचा. चौथ्या दिवशी मी हरले, पण मोबाइल दिला नाही. त्याऐवजी नवी सोपी वाट काढली. काळा पडदा दाखवून म्हटलं, "बघ, बॅटरी खलास!" तो दोन मिनिटं रडला आणि गप्प झाला. मला वाटलं, जमलं. मग रोज तेच. चार्जिंग पूर्ण असायचं, फोन माझ्या कमरेला खोचलेला असायचा आणि तोंडात "बॅटरी खलास".

शिकवणीची वेळ आम्ही वाटून घेतली. मोठी शाळेतून आली की अर्धा तास त्याच्याशी खेळायची. उरलेल्या वेळी अम्मी त्याला खाटेवर घेऊन लसूण सोलत बसायच्या आणि सोलता सोलता बोलायच्या. लसूण, साल, पांढरं, तिखट, हात धू. आमच्या घरात दख्खनी आणि मराठी मिसळूनच बोलतात, तीच भाषा त्याच्या कानावर पडत राहिली. महिन्याभरात शब्द वाढले. हाकेला वळू लागला.

आणि एका संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा दोन शब्द जोडले.

मी त्याला बिस्किटाचा पुडा मागितला होता. जेवणाची वेळ झाली होती. त्यानं पुडा पाठीमागे लपवला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि स्पष्ट म्हणाला, "बिक्कीट खलास."

मी आनंदानं ओरडले, "अम्मी, ऐकलंत? दोन शब्द बोलला!" अम्मी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऐकलं. खोटं बोलला."

मी खालीच बसले. माझ्या मुलाचं पहिलं वाक्य खोटं होतं आणि ते शब्दाशब्दानं माझं होतं.

त्या रात्री अम्मींनी मला एक हदीस आठवण करून दिली. आपण सगळ्यांनी ती कधी ना कधी दर्समध्ये ऐकलेली असते. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आहे. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान होते. प्रेषित (सल्ल.) त्यांच्या घरी बसलेले असताना आईनं त्यांना हाक मारली, ये, तुला काहीतरी देते. प्रेषितांनी (सल्ल.) विचारलं, काय देणार होतीस? तिनं सांगितलं, खजूर. तेव्हा त्यांनी समजावलं की तू काहीच दिलं नसतंस, तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. मुलाला हाक मारताना बोललेलं एवढंसं खोटं, तेही लिहिलं जातं. माझ्या नावावर "बॅटरी खलास" किती वेळा लिहिलं गेलं असेल!

मी रडायला लागले तेव्हा अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी तुला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. इचलकरंजीत असताना मी मागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची. तुझा नवरा दीड वर्षाचा. घरी बघायला कोणी नाही. ओढणीनं त्याचा पाय खाटेच्या पायाला बांधून जायची. शेजारीण अधूनमधून डोकवायची. परत यायची तेव्हा तो तिथंच झोपलेला असायचा, गालावर वाळलेलं पाणी. आम्ही मोबाइल दिला नाही म्हणून आम्ही मोठ्या शहाण्या, असं समजू नकोस. प्रत्येक आईची एक ओढणी असते गं. ती सोडायची तेवढी आठवण पाहिजे."

सून म्हणून नऊ वर्षांत आम्ही इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून मी नमाजच्या वेळी मोबाइल देणं बंद केलं. तो पाठीवर चढतो. चढू दे. प्रेषितांच्या (सल्ल.) पाठीवर सजद्यात असताना त्यांचे नातू चढले होते, तेव्हा त्यांनी सजदा लांबवला होता, कारण त्यांना मुलाला घाई करायची नव्हती. हे मी कितीतरी वेळा ऐकलं होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं. माझ्या पाठीवर वजन पडेपर्यंत मला त्याचा अर्थ कळला नव्हता. आता मुन्ना कधी कधी शेजारी उभा राहतो, माझ्याआधी सजद्यात जातो आणि तिथून मान वाकडी करून मी आले का बघतो.

आता तो तीन वर्षांचा आहे. बोलतो, इतकं की शिकवणीतली मुलं हसतात. आमच्या घरात सगळं नीट झालं असं लिहिलं तर ते पुन्हा "अर्धा तास"च होईल. चहा-बिस्किट चालू आहे. थंडीत अंघोळ अजून चुकते. माझं डोकं दुखत असेल त्या दिवशी मोबाइल मिळतो, अर्धा तास, आणि तो अर्धा तास घड्याळातला असतो. मागच्या रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची ती शेवटची वीस मिनिटं, भजी तेलात आणि मूल पायात, तेव्हा दोनदा दिला. फकीरबाबा आले की मात्र तो स्वतः पैसे घेऊन दारात जातो. ती भीती काढायला चार महिने लागले. घालायला एक दिवस लागला होता.

शिकवणीच्या दारात मी आता पालकांना वेगळं सांगते. "ताई, आमच्याकडेही हेच झालं होतं." पुढचं त्या आपणहून सांगतात.

बहिणींनो, एकच विनंती. डॉक्टरांनी विचारलं तर खरा आकडा सांगा. फोनमध्ये तो लिहिलेलाच असतो. आणि मुलाला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. परवा मुन्नानं फोन मागितला. सवयीनं तोच म्हणाला, "बॅटरी खलास?"

मी फोन उघडून दाखवला. "नाही बेटा. बॅटरी आहे. पण आत्ता देणार नाही."

तो अकरा मिनिटं रडला. मी जवळ बसून होते. मग नाक पुसत उठला आणि अम्मींच्या खाटेवर जाऊन बसला, लसूण सोलायला.