चौकशी कुणापासून झाकायची?

पैशाची भानगड असली की सुनावणी चारचौघांत, आणि बाईच्या अंगाला हात लावल्याची तक्रार असली की दार लावून, हा न्याय मला पटत नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये नेमकं हेच घडलं. बचत-संस्थेच्या मालकासाठी आपलं वजन वापरल्याचा आरोप असलेल्या पाच सिनेटरांची सुनावणी नैतिकता समितीने १९९०-९१ मध्ये टीव्ही कॅमेऱ्यांसमोर घेतली. नंतर बॉब पॅकवूड यांचं प्रकरण आलं आणि हीच समिती अडखळली.

पॅकवूड ओरेगनचे रिपब्लिकन सिनेटर, स्त्रियांच्या हक्कांचे पाठीराखे म्हणून नावाजलेले. नोव्हेंबर १९९२ मध्ये ते पुन्हा निवडून आले, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्यांच्याविरुद्ध दहा स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी छापल्या. मतदान तर होऊन गेलं होतं. समितीने त्यांची रोजनिशी मागितली. ते देईनात, तेव्हा सिनेटने ९४ विरुद्ध ६ मतांनी समितीच्या बाजूने कौल दिला. रोजनिशीत फेरफार केल्याचंही पुढे उघड झालं. एवढं होऊनही १९९५ च्या जुलैअखेर उघड सुनावणीच्या प्रश्नावर सहा जणांच्या समितीत मतं पडली तीन-तीन. डेमोक्रॅटिक सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी विषय सभागृहात नेला. असं केलंत तर तुमच्या पक्षाच्या लोकांच्याही सुनावण्या लावू, असं समितीचे अध्यक्ष मिच मॅकॉनेल यांनी त्यांना आधीच बजावलं होतं. मला या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. तक्रार केलेल्या स्त्रिया बाजूलाच राहिल्या, आणि दोन पक्षांनी एकमेकांची झाकपाक करण्याचा सौदा पुढे आला. २ ऑगस्टला बॉक्सर यांचा प्रस्ताव ४८ विरुद्ध ५२ मतांनी पडला.

तरीही ‘सगळं उघड करा’ असं मी डोळे मिटून म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी नाव पुढे आलेल्या माणसावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल यांची साक्ष १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये उघडच झाली होती. समोर चौदा सिनेटर, चौदाही पुरुष, आणि साऱ्या देशादेखत उलटतपासणी झाली ती तिच्याच हेतूंची.

मी एका संस्थेच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. तिथे एका मुलीने व्हॉट्सॲपवरच्या मेसेजेसचे प्रिंटआउट आणले होते. प्रत्येक पानावरचं स्वतःचं नाव आणि नंबर तिने काळ्या पेनाने गिरवून गिरवून खोडला होता. साहेबांचा नंबर तसाच ठेवला होता. “मॅडम, माझं नाव बाहेर जायला नको. पण पुढे काय झालं, हे बाकीच्या मुलींना कळेल ना?” कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला २०१३ चा कायदाही तक्रारदाराची ओळख फोडू देत नाही, ओळख न देता न्याय मिळाल्याची माहिती देण्याची वाट मात्र मोकळी ठेवतो.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत मला याहून जास्त हवं आहे. तक्रार कधी आली, कुणी ती किती दिवस दाबून ठेवली, कुणी कुठल्या बाजूने मत दिलं, दोष सिद्ध झाला का, भरपाई कुणाच्या पैशातून गेली, हे सगळं जनतेचं आहे. स्त्रीचं नाव, तिचा पत्ता, तिचं खासगी आयुष्य जनतेचं नाही.

पॅकवूड यांना काढून टाकावं, अशी शिफारस समितीने सप्टेंबर १९९५ मध्ये सहाच्या सहा मतांनी केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला, आणि दहा हजारांहून अधिक पानांची कागदपत्रं बाहेर आली. पण त्याच वर्षी अमेरिकी संसदेने स्वतःला लागू केलेल्या कायद्याने तक्रारदार कर्मचाऱ्यांना आधी गोपनीय समुपदेशन आणि मग गोपनीय मध्यस्थीतून जाणं सक्तीचं केलं. तडजोडीची रक्कम सरकारी तिजोरीतून जायची. सदस्याने केलेल्या छळाची भरपाई त्यानेच तिजोरीत परत भरायची, हा नियम यायला २०१८ चा डिसेंबर उजाडला.