पहारेकऱ्याची पाटी

जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत शिरले की लगेच देवडी लागत असे, आणि वाड्यात कोण आले, कोण गेले, कोणाला उंबऱ्यावरूनच परत लावले याचा हिशेब तेथे बसणाऱ्या पहारेकऱ्याच्या डोक्यात असे. संगणकांच्या जाळ्याची अशी देवडी म्हणजे फायरवॉल. इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून बांधलेल्या जाड भिंतीचे हे नाव. पण संगणकाच्या परिभाषेत आल्यावर ते भिंतीपेक्षा पहाऱ्याला अधिक शोभू लागले, कारण माहितीचे प्रत्येक पुडके, म्हणजे पॅकेट, नियमांशी ताडून पाहायचे आणि मग त्याला वाट द्यायची किंवा अडवायचे, हे तिचे अहोरात्र चालणारे काम. हा पहारेकरी मात्र डोक्यावर विसंबत नाही. तो सारे लिहून ठेवतो, आणि पुष्कळदा या लिहिण्यानेच त्याचा जीव जातो.

लहान कचेऱ्यांत, दवाखान्यांत, शाळांत एखाद्या कपाटाच्या माथ्यावर जी पंखा नसलेली, वहीएवढी काळी पेटी मिणमिणत असते, तिच्यात अनेकदा ‘पीएफसेन्स’सारखी मुक्त फायरवॉल प्रणाली चालू असते. २००४ साली ‘मोनोवॉल’ या प्रकल्पातून फुटून निघालेली ही प्रणाली फ्रीबीएसडी या संचालन प्रणालीच्या पायावर उभी आहे, आणि तिच्या नावातील ‘पीएफ’ हा २००१ साली ओपनबीएसडी या तिच्या भावंडात आलेला पॅकेट गाळणारा भाग. अशा पेटीत प्रणाली साठवण्यासाठी बहुधा ईएमएमसी नावाची चिप असते: फ्लॅश स्मृती आणि तिचा कारभार पाहणारा नियंत्रक एकाच काळ्या चौकोनात बसवून तो सर्किटच्या पाटावर कायमचा डाखलेला. आकार अंगठ्याच्या नखाहून किंचित मोठा, क्षमता बहुधा ८ किंवा १६ जीबी, किंमत कमी. विकत घेताना या चौकोनाची चौकशी कोणी करत नाही, कारण तो दिसतच नाही.

या चौकोनातील कारागिरी मात्र थक्क करणारी आहे. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत डावोन कांग आणि सायमन झी यांनी असा ट्रान्झिस्टर मांडला की ज्याच्या पोटात सर्व बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेले एक बेट होते. त्या बेटावर इलेक्ट्रॉन नेऊन ठेवले तर वीज गेल्यावरही ते तेथेच अडकून राहत, आणि त्यांचे असणे-नसणे म्हणजेच साठवलेली माहिती. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली या कल्पनेवर बेतलेली, मोठा भाग एका झटक्यात पुसता येईल अशी स्मृती जगापुढे ठेवली, आणि पुसण्याचा तो झटका कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखा वाटल्यामुळे एका सहकाऱ्याने तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. ज्या वस्तूचा उपयोग जपून ठेवण्यासाठी, तिचे बारसे पुसण्यावरून व्हावे यात गंमत आहे, आणि पुढचे सारे दुःखही त्यातच आहे.

शाळेतील दगडी पाटी ओल्या फडक्याने हजारदा पुसली तरी तिचे काही बिघडत नाही, आणि हवे ते एकच अक्षर बोटाने खोडून तेथे दुसरे लिहिता येते. फ्लॅशच्या पाटीला ही मोकळीक नाही. तिच्यावर लिहायचे ते पानापानाने, पण पुसायचे ते शेकडो पानांचा गठ्ठा एकदमच. शिवाय लिहिताना आणि पुसताना मोठा विद्युतदाब लावून इलेक्ट्रॉन त्या विद्युतरोधक थरातून आरपार ढकलावे लागतात, आणि काही नॅनोमीटर जाडीचा तो थर प्रत्येक खेपेला थोडा थोडा जायबंदी होतो. वाचण्याने होणारा त्रास त्या मानाने नगण्य. त्यामुळे अशा स्मृतीचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, पुसण्याच्या फेऱ्यांत मोजतात: एका कोठडीत, म्हणजे अशा एका ट्रान्झिस्टरात, एकच बिट ठेवणारी जुनी, महाग जात लाखभर फेऱ्या सोसते, तर दोन-तीन बिटे कोंबणाऱ्या स्वस्त जाती काही हजारांतच थकतात. एकाच जागेवर भार पडू नये म्हणून नियंत्रक लिखाण सगळीकडे फिरवत राहतो, पण फिरवायलाही मोकळी जागा लागते, आणि चिमूटभर बदलासाठी अख्खे पान नव्याने लिहून जुनी पाने इकडून तिकडे हलवावी लागत असल्याने प्रणालीने एक जीबी लिहिले तर चिपेत प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लिखाण होते.

हिशेब मांडूनच पाहावा. १६ जीबीची चिप ३,००० फेऱ्या सोसते असे धरले तर तिच्या उभ्या जन्मात ४८,००० जीबी लिहून होईल. पेटीने दिवसाला १० जीबी लिहिले आणि ते आत चौपट झाले, तर रोजचे ४० जीबी होतात आणि १,२०० दिवसांत, म्हणजे सव्वातीन वर्षांत, पाटी संपते. उदाहरणापुरते घेतलेले हे आकडे तसे मोठे आहेत, पण लिखाणाची हौस असलेल्या पेटीला ते अशक्य नाहीत. इंटरनेटवरून अनोळखी यंत्रे रात्रंदिवस दार ठोठावत असतात आणि अडवलेल्या प्रत्येक ठोठावण्याची एक ओळ नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, पडते. घुसखोरी हुडकणारे किंवा रहदारीचे आलेख काढणारे जादा पॅकेज बसवले की ओळींचा पूर येतो. त्यातच झेडएफएस ही फाइलव्यवस्था साचलेले बदल साधारण दर पाच सेकंदांनी चिपेवर उतरवते आणि तेही जुन्यावर न गिरवता नव्या जागी. एवढे लिहून होते आणि त्यातले वाचले किती जाते? बहुतेक नोंदी कोणाच्याही नजरेस न पडता पुढच्या नोंदींसाठी पुसल्या जातात. हे दुखणे फायरवॉलपुरतेही नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत टेस्ला कंपनीला अमेरिकेत सुमारे १,३५,००० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या त्या अशाच ८ जीबीच्या ईएमएमसीपायी. ती झिजली की मोटारीचा मधला पडदा काळा पडे.

झीज आधी कळावी अशी सोय चिपेतच असते. २०१३ च्या सुमारास आलेल्या ईएमएमसी ५.० या मानकापासून चिप आपल्या वयाचा अंदाज दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी सांगते, आणि अकरावी पायरी दाखवू लागली की ठरलेले आयुष्य उलटून गेले असे समजायचे. पण विचारल्याशिवाय ती बोलत नाही. विचारले जात नाही, कारण पेटी चालू असते. आणि ती चालू दिसते याचे कारण असे की नियम, जोडण्यांची यादी, पुडकी पारखणारा गाभा हे सारे एकदा सुरू झाले की चालत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, राहते; खालची चिप मेली तरी वरचा पहारा काही काळ तसाच चालतो. मग एका दुपारी वीज जाते आणि येते, आणि पेटीचा दिवा लागतो पण पेटी उठत नाही. त्याहून चकवणारा प्रकार म्हणजे चिप लिहून घेण्याचे नाटक करते: नवा नियम घातला, जतन झाल्याचा निरोपही आला, पण रीबूट केल्यावर पेटी पुन्हा महिन्यापूर्वीच्या दिवसात जागी होते.

यावरचा उपाय चिप उपटण्याचा नसतो, तिच्या शेजारी एसएसडी ही साठवणीची वेगळी चकती बसवण्याचा असतो, तेही पेटीच्या पाटावर त्यासाठी स्लॉट असेल तर. पहिली पायरी पेचकसाची नव्हेच: पीएफसेन्सचे सारे कन्फिगरेशन एका एक्सएमएल फाइलीत मावते आणि ती फाइल आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी लागते. मग झाकण उघडायचे. एम.२ जातीच्या एसएसडीची रुंदी २२ मिलिमीटर ठरलेली, पण लांबी ४२ की ८०, टोकाची खाच कोणत्या बाजूची, आणि बोली साटाची की एनव्हीएमईची, हे न पाहता घेतलेली चकती स्लॉटमध्ये जाणार नाही, किंवा जाईल आणि ओळख देणार नाही. योग्य चकती तिरपी धरून आत सारायची, हलकेच आडवी दाबायची आणि मोहरीच्या दाण्याएवढा स्क्रू बोटाच्या टोकावरून सांभाळत तिच्या शेवटाला लावायचा. हा स्क्रू पाटावर सांडला तर तो शोधण्यात सबंध कामापेक्षा अधिक वेळ जातो. अशा पेटीला पडदा बहुधा नसतो, म्हणून कन्सोलची केबल लावून, बहुधा सेकंदाला ११५२०० बिटे या वेगाने, दुसऱ्या संगणकावर तिची अक्षरे पाहत प्रणाली नव्याने बसवायची आणि जपलेली फाइल परत घालायची. काम तासाभराचे, त्यातला निम्मा वेळ अक्षरांची वाट पाहण्याचा.

एसएसडी हीसुद्धा फ्लॅशच असते, हे येथे विसरता येत नाही. पाटीच्या जागी पाटीच आली, फक्त ऐसपैस: वरच्याच हिशेबाने १२८ जीबीची चकती ९,६०० दिवस, म्हणजे सव्वीस वर्षे पुरावी, आणि तोवर तिच्याभोवतीची पेटी भंगारात गेलेली असेल. तरीही तात्पुरत्या नोंदी रॅममध्येच ठेवण्याचा पर्याय प्रणालीत असतो, आणि अडवलेल्या दर ठोठावण्याची ओळ लिहिणे बंदही करता येते. नवी चकती घेण्याआधी हे दोन बदल करून पाहणे शहाणपणाचे. पण माणसांना वस्तू बदलणे सवय बदलण्यापेक्षा सोपे वाटते.

जुनी चिप मात्र जाग्यावरच असते. तिच्यात जुनी प्रणाली शाबूत असेल तर पेटी सुरू होताना चुकून तिच्याकडेच वळते किंवा एकाच नावाचे दोन साठे पाहून गोंधळते, म्हणून ती कोरी करण्याची शिफारस केली जाते; पण झिजून झिजून केवळ वाचण्यापुरत्या उरलेल्या चिपेला पुसताही येत नाही. जी पाटी पुसून पुसून संपली, ती आता पुसून घ्यायलाच तयार नसते. सुरुवातीचा क्रम बदलून तिला वगळावे लागते, आणि ती तशीच, शेवटच्या दिवसाचे नियम, केव्हाच बंद झालेल्या प्रिंटरचा पत्ता, नोकरी सोडून गेलेल्या कोणासाठी उघडलेली वाट पोटात घेऊन नव्या चकतीखाली पडून राहते. तिचे थर जायबंदी असल्याने आणि शेजारचा प्रोसेसर ऊब देत असल्याने बेटांवरचे इलेक्ट्रॉन एकेक करून निसटत राहतात, आणि काही वर्षांत, कोणी आज्ञा न देता, ती पाटी आपली आपण कोरी होत जाते.