करलं, जाला आणि रुमेलहार्ट

आमची भाची सध्या "मी चित्र करलं" आणि "बाबा ऑफिसला जाला" असं बोलते. गंमत म्हणजे सहा महिन्यांपूर्वी हीच बया व्यवस्थित "केलं", "गेला" म्हणत होती! ताईला काळजी, मला आनंदाच्या उकळ्या. पोरीला 'बसला, उठला, पडला'मधला नियम सापडलाय आणि दिसेल त्या क्रियापदाला ती तो लावत सुटलीय. इंग्रजी पोरंही 'वेन्ट' सोडून मध्येच 'गोड' म्हणू लागतात. (आहेच ते गोड!)

डेव्हिड रुमेलहार्ट या मानसशास्त्रज्ञाने जेम्स मॅक्लेलंडबरोबर याचंच एक न्यूरल नेटवर्क केलं होतं, १९८६ साली. त्याला नियम एकही सांगितला नव्हता. नुसती क्रियापदं आणि त्यांचे भूतकाळ दाखवत गेले, तर तेही मध्येच अशाच चुका करायला लागलं. पिंकर आणि प्रिन्स यांनी १९८८ साली या मॉडेलची सालटी काढली, आणि आक्षेपांत तथ्य होतंच. पण मुलं नियम न शिकवता नियम कसा उचलतात, हे करून बघता येतं एवढं तरी दिसलं.

मला हा माणूस आवडतो, कारण त्याची सुरुवात यंत्रापासून नव्हतीच. साऊथ डकोटात मानसशास्त्र आणि गणित, १९६७ साली स्टॅनफर्डची पीएचडी, मग वीस वर्षं सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. प्रश्न कसले, तर माणूस वाचतो कसा? सुटं अक्षर ओळखण्यापेक्षा शब्दातलं तेच अक्षर ओळखणं सोपं का जातं? त्या वाटेवरच १९८६ साली जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्याबरोबर 'नेचर'मधला बॅकप्रोपगेशनचा निबंध आला. उत्तर किती चुकलं ते मोजायचं, ती चूक मागे मागे नेत प्रत्येक जोडणीचा त्यातला वाटा काढायचा, आणि तिचं वजन जरासं बदलायचं. कल्पना आधीही काहींना सुचली होती, पण तिने काय साधतं ते या निबंधाने दाखवलं. आजचे चॅटबॉट याच पद्धतीवर शिकलेत.

या मंडळींचं आणखी एक म्हणणं होतं. आठवण एका कप्प्यात नसते, असंख्य जोडण्यांत पसरलेली असते. म्हणून थोडी मोडतोड झाली तर एखादी आठवण कापून जात नाही, सगळंच थोडं थोडं पुसट होतं.

इथे मला मावशी आठवते. (नातेवाईकांना माहीत आहेच.) उभा जन्म शाळेत मराठी शिकवलेली बाई. आधी पळी, डाव, झारा सगळ्यालाच 'चमचा' म्हणायला लागली. मग चमच्यालाही 'ते'. डॉक्टर म्हणाले, हा विसरभोळेपणा नाही, शब्दांचा अर्थच झिजतोय.

रुमेलहार्टला पिक्स डिसीज झाला. तीही मेंदूची तशीच झीज. १९९८ साली त्याला स्टॅनफर्डमधलं काम सोडावं लागलं, साठीही आली नव्हती. २००१ साली त्याच्या नावाचा पहिला पुरस्कार हिंटनला मिळाला. २०११ साली तो मिशिगनमध्ये गेला, आणि पुढच्याच वर्षी हिंटन आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या नेटवर्कने इमेजनेटच्या स्पर्धेत बाकीच्यांना पार मागे टाकलं. २०२४ साली हिंटनला नोबेल, तेही भौतिकशास्त्राचं! (मानसशास्त्राला नोबेल नाहीच म्हणा.)

हे बघायला तो नव्हता याची मला फारशी हळहळ वाटत नाही. मानसन्मान काय, कुणाला तरी मिळतातच. मला त्याला वेगळंच विचारायचं होतं. मावशीचे सगळे शब्द गेल्यावरही आमटी वाढताना ती पळीच उचलायची. झारा कधीच नाही. ते कुठल्या जोडण्यांत शिल्लक राहिलं होतं?