झडत्या, रेला आणि मोह

चंद्रपूर-गडचिरोलीकडे पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहतात. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. कुणीतरी कानावर हात ठेवून झडती, म्हणजे टोमण्याचं गाणं, फेकतो, गौरा-पार्वतीला नमन होतं आणि सारं गाव ‘हर हर महादेव’ करून उठतं. झडतीत काय असतं? धानाचा भाव, सरपंचानं गिळलेला रस्ता, पिऊन आलेला नवरा, कुणाच्या तरी बायकोवर डोळा ठेवणारा पाटील. चार ओळींत दारू, पिरीत आणि सरकार. ज्याला लागायचं त्याला लागतं, पण त्या दिवशी रागवायची सोय नाही.

*

जुन्या इंग्लंडात अशी गाणी एका पानावर छापून पेनीला विकत. वर चालीचं नाव, खाली नवे शब्द. ‘टू अनाक्रिऑन इन हेवन’ हे लंडनच्या एका क्लबातलं पिणाऱ्यांचं गाणं. त्याच चालीवर १८१४ साली लिहिलेले शब्द गायले गेले आणि १९३१ मध्ये ते अमेरिकेचं राष्ट्रगीत झालं. चालीला सोवळंओवळं नसतं. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर भजन होतं आणि निवडणूक आली की प्रचारही.

*

मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पहाटे टपकतात. बाया झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ करून ठेवतात, उन्हं चढायच्या आत टोपल्या भरतात आणि फुलं अंगणात वाळत घालतात. या फुलांची दारू होते, तशी ती खाण्यातही येतात. गोंड-माडियांच्या घरी जन्म, लग्न, मरण, तिन्हीला ही दारू लागते. आधी थोडी जमिनीवर सांडायची, पूर्वजांसाठी. ती गाण्यात येणारच. व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे यांनी १९३५ साली गोंडांच्या गाण्यांचं ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ हे पुस्तक काढलं, पण ते गडचिरोलीत नव्हे, मंडल्याकडे राहून.

*

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. त्याच मागणीसाठी चंद्रपूरच्या बायांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बेवड्याची गंमत करणारी गाणी बहुतेक पुरुषांची. मार खाणारीचं म्हणणं ऐकायचं तर मोर्च्यातच जावं लागतं.

*

रेला: गोंड-माडिया मुलामुलींनी हातात हात गुंफून रात्रभर धरलेला फेर. यातली गाणी प्रेमाची, थट्टेची, जंगलाची. नक्षलवाद्यांच्या चेतना नाट्य मंचानं आदिवासी नाच-गाण्यांत आपले शब्द भरले. फेर चांगला आहे हे त्यांनाही कळलं होतं.

*

चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ ला इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, त्याआधी तिथे तुकडोजी महाराजांची भजनाची खंजिरी वाजून गेली होती. महाराजांना चंद्रपुरात पकडलं. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. हातात शस्त्र नाही, नुसती खंजिरी! हेच महाराज दारूविरुद्धही तितक्याच जोरात बोलत. मला वाटतं, या मुलखातलं राजकीय गाणं पोवाड्यापेक्षा भजनात जास्त धारदार झालं.

*

झडत्या दरवर्षी नव्या होतात आणि पुढच्या पोळ्यापर्यंत विरून जातात. येत्या पोळ्याला गावी जाणार असाल तर वही न्या. ऐकाल तशा उतरवा, खाली गाव आणि साल टाका, म्हणणारा हो म्हणाला तर त्याचं नावही. आणि शिव्या गाळू नका.