अंदाज आणि अमानत

मराठीतला 'अंदाज' आणि उर्दूतला 'अंदाज़' हे दिसायला जुळे भाऊ, पण स्वभावाने वेगळे. उर्दूत अंदाज़ म्हणजे ढंग, शैली. मराठीत अंदाज म्हणजे अदमास, ज्याला आपण उर्दूत 'अंदाज़ा' म्हणतो. पाचवी-सहावीच्या मुलांना हा फरक सांगितला की ती हसतात. त्यांच्या आयांना मात्र तो विजेच्या बिलावर कळतो.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. त्यामुळे पालकसभेला येणाऱ्या बायकांच्या पर्समध्ये प्रगतिपुस्तकाबरोबर घडी घातलेलं बिलही असतं. 'मॅडम, ज़रा पढ़के बताओ, इसमें क्या लिखा है.' उर्दू वर्तमानपत्र सफाईने वाचणाऱ्या बाईसमोर 'गुणक अवयव', 'स्थिर आकार', 'वहन आकार', 'समायोजित युनिट' असे शब्द आले की ती गप्प होते. खरं सांगायचं तर मराठी माध्यमात शिकलेली माणसंही गप्प होतात. फरक इतकाच, की त्यांना विचारायची लाज वाटत नाही.

मी सगळ्यांना पहिल्यांदा दोनच आकडे बघायला सांगते: चालू रीडिंग आणि मागील रीडिंग. दोन्ही आकडे एकच असतील आणि तरीही युनिट लागले असतील, तर मीटर कोणी वाचलेला नाही. युनिट सरासरीने भरले आहेत. हे नियमबाह्य नाही. मीटरपर्यंत पोचता आलं नाही तर अंदाजे बिल देता येतं आणि पुढे खरं रीडिंग मिळालं की ते जुळवून घ्यायचं असतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्या महाराष्ट्राने हे पाहिलं. एप्रिल-मेची बिलं आधीच्या हिवाळ्यातल्या सरासरीवर आली, आणि जूनमध्ये मीटर वाचल्यावर राहिलेला उन्हाळा एकदम अंगावर आला. तेव्हा बंगल्यातले आणि चाळीतले सारखेच ओरडले. पण लॉकडाऊन संपला आणि बंगल्यातल्यांचं दुखणं संपलं. भाडेकरूंचं मात्र चालूच राहिलं.

कारण भाडेकरू अकरा महिन्यांचा आणि मीटर कायमचा. बिल मालकाच्या नावाने, मेसेज मालकाच्या मोबाइलवर, मीटर खालच्या बंद गाळ्यात, आणि पैसे भरणारी वरच्या मजल्यावर. खरं रीडिंग येईतो राहणारा बदललेला असतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईचं असंच झालं. ती भाड्याच्या एका खोलीत राहून मॅक्सी शिवते. दरमहा 60 युनिटांचं बिल यायचं, ती भरायची. मीटर ज्या गाळ्यात होता त्याला कायम कुलूप. एका जुम्याच्या नमाजनंतर गाळ्याचा मालक सापडला, शटर उघडलं, मीटरचा फोटो काढला. शेवटचं खरं रीडिंग 4210 होतं, आता 5010 दिसत होतं. आठ महिन्यांत 800 युनिट जळले होते आणि बिल लागलं होतं 480 चं. उरलेले 320 युनिट कोणाचे?

घरमालक म्हणाला, 'मशीन चलाती है, सब इसी का है. डिपॉझिट में से काट लूँगा.' ती म्हणाली, मला इथे येऊन पाचच महिने झालेत. मग आम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये हिशेबाला बसलो. घरगुती शिलाई मशीनची मोटर साधारण 100 वॅटची धरली आणि ती रोज पाच तास चालली, तर दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला 15. म्हणजे महिन्याला सुटलेले 40 युनिट एकट्या मशीनचे असणं शक्य नव्हतं. आधीच्या भाडेकरूने तीन महिन्यांत काय वापरलं ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण ती राहायला आली त्या दिवशीचं रीडिंग कोणीच लिहून ठेवलं नव्हतं.

दुसरा प्रश्न पैशांचा. घरगुती विजेचा दर टप्प्यांचा आहे: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. 320 युनिट एकाच महिन्याचे धरले तर त्यातले थोडे तिसऱ्या टप्प्यात जातात. पण 800 युनिट आठ महिन्यांत वाटले तर महिन्याला बरोबर 100 येतात, सगळेच्या सगळे पहिल्या टप्प्यात. वीज तेवढीच, पण रकमेत मोठा फरक. तसा अर्ज मी मराठीत लिहून दिला, मीटरचा फोटो जोडला आणि पोच घ्यायला सांगितलं. बिल महिन्यांवर वाटून मिळालं. शेवटी 200 युनिट तिचे आणि 120 मालकाचे असं ठरलं. हाही अंदाजच होता. पण दोन्ही बाजू समोर बसून केलेला. मी तिला म्हटलं, आणखी थोडं ताणता येईल. ती म्हणाली, 'नहीं मॅडम, किसी का हक़ दबाके घर नहीं छोड़ना मुझे.'

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं. कुरआनात एका पूर्ण सूरेचं नाव मापात खोट करणाऱ्यांवर आहे, अल-मुतफ्फिफीन. हजरत शुऐब आपल्या कौमला जे सांगत राहिले त्यातही माप आणि तराजू आहेच. जुम्याच्या बयानात आपण हे ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर धान्याचा दुकानदार येतो. मीटर हाही तराजूच आहे. तो कुलपात ठेवून भाडेकरूकडून ठोक रक्कम घेणारा, किंवा सबमीटर लावून बिलापेक्षा जास्त दराने युनिट विकणारा घरमालक याच यादीत बसत नाही का? आणि वायरीला आकडा टाकणारा भाडेकरूही बसतो. 'कंपनीकडे कमी आहे का' ही सबब तराजूसमोर चालत नाही.

कोणी म्हणेल, पटत नसेल तर पुरवठादार बदला. ते कुर्ला-गोवंडीत बोलावं. मुंबईच्या उपनगरांत 2008 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर घरगुती ग्राहकालाही दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा रस्ता खुला झाला. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तुमचा पत्ताच तुमची कंपनी ठरवतो. कल्याण-डोंबिवलीत महावितरण, भिवंडीत 2007 पासून आणि मुंब्रा-शीळ-कळव्यात 1 मार्च 2020 पासून फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर. परवाना तिथेही महावितरणचाच आणि दर ठरवणार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग.

आणि पत्ता तरी आपण कुठे निवडतो? 1992-93 नंतर कितीतरी कुटुंबं मुंबई सोडून मुंब्र्याला आली, ती तिथली हवा आवडली म्हणून नाही. आजही दलाल नाव ऐकून 'सोसायटीवाले नहीं मानेंगे' म्हणतो, तेव्हा आपल्या वाट्याला ठरावीक मोहल्ले उरतात. त्यात भाडं परवडावं म्हणून एका मीटरवर दोन कुटुंबं. इथे टप्प्यांचा दर उलटा फिरतो. स्वतंत्र मीटर असतील तर 90-90 युनिट जाळणारी दोन्ही घरं पहिल्या टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर 180 होतात आणि त्यातले 80 महाग टप्प्यात जातात. गरिबासाठी ठेवलेली सवलत मीटरला मिळते, घराला नाही.

म्हणून जे आपल्या हातात आहे ते तरी करावं. घराची चावी घेताना मीटरचा फोटो काढा, त्यात क्रमांक आणि रीडिंग दोन्ही दिसू द्या. सोडतानाही काढा. ते रीडिंग करारात लिहून घ्या. भाडेनियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जोडणीसाठी मालकच नव्हे, जागेचा ताबेदारही अर्ज करू शकतो. अर्थात प्रत्यक्षात मालकाचं संमतिपत्र बहुधा मागितलं जातंच. कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलावर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरता येते. मग वीज तोडता येत नाही. तक्रार तोंडी करू नका. लेखी करा, पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. अर्ज मराठीत लिहिता येत नसेल, तर मोहल्ल्यात मराठीचे शिक्षक आहेत. आम्हाला सांगा.

आता स्मार्ट मीटर येताहेत. विरोध झाल्यावर 2024 मध्ये सरकारने सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सांगितलं. रीडिंग आपोआप जाऊ लागलं तर अंदाजे बिलांची कटकट कमी होईलही. पण मेसेज मालकाच्याच मोबाइलवर जाणार असेल, तर वरच्या मजल्यावरची बाई अंधारातच राहील.

घरमालकांना एक विनंती. भाडेकरूकडून आपण जी अनामत घेतो, तो शब्द आपल्याच 'अमानत'मधून मराठीत आला आहे. त्यातून पैसे कापण्याआधी गाळ्याचं शटर उघडा, भाडेकरूला सोबत घ्या आणि आकडा दोघांनी मिळून वाचा.