पडद्यावरची शिडीची गाडी

धारवाडास मामांच्या घरी आमचा मुक्काम पडला की रात्रीचे जेवण आटोपल्यावर टीव्हीसमोर सर्वांची बैठक भरते. मालिका कोणतीही असो, मामांचे लक्ष नायक-नायिकांकडे नसते. पडद्याच्या कोपऱ्यातून एखादी जुनी मोटार गेली की ते सरसावून बसतात. त्यांची सारी नोकरी वीजखात्यात, तारा आणि खांब यांच्या संगतीत गेली. त्यामुळे टपावर शिडी बांधलेली गाडी दिसली की त्यांचे डोळे चमकतात.

परवा तसेच झाले. मालिकेचे कथानक १९६० सालचे. वादळात खांब पडतो आणि दुरुस्तीची गाडी येते. "मामा, तुमची गाडी आली!" आम्ही म्हणालो. मामा हसले. "अरे, ही मॅटाडोर. ती १९६९ च्या सुमारास निघाली. नऊ वर्षे आधी ती इथे कशी पोचली?"

मग गाड्या ओळखण्याच्या खुणा समजून घेण्यात रात्र कशी सरली ते कळले नाही. बजाज टेंपो कंपनीने १९५८ मध्ये मुंबईत गोरेगावला तीनचाकी टेंपो बनवायला आरंभ केला. ते नाव लोकांच्या तोंडी इतके बसले की पुढे कोणतीही लहान मालमोटार टेंपोच ठरली. चारचाकी मॅटाडोर त्यानंतरची. जीपची परीक्षा तिच्या तोंडावरच्या उभ्या फटींवरून करावी. महायुद्धातल्या विलीजला नऊ फटी, तर नंतरच्या नागरी जीपला सात. महिंद्रांच्या उंच बॉनेटच्या जीपलाही सातच. टाटांच्या मालमोटारीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असेल तर ती १९५४ ते १९६९ या कराराच्या काळातली समजावी.

"आणि पाटी वाचायला विसरू नये," मामा म्हणाले. आम्हा धारवाडकरांना ही खूण फार जवळची आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर तो म्हैसूर राज्यात आला आणि पाटीवर 'एमवाय' ही अक्षरे आली. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले. १९८९ पासून 'केए' सुरू झाले. धारवाडला २५ आणि पुढे हुबळीला ६३ हा क्रमांक मिळाला. मामांची शाळा मुंबई राज्यात झाली, नोकरी म्हैसूर राज्यात लागली आणि निवृत्ती कर्नाटकात आली. घर मात्र त्याच गल्लीत, आणि घरातली भाषाही तीच.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आम्ही हुबळीस निघालो. ज्युबिली सर्कलपाशी 'चिगरी' बस मिळाली. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या या सुमारे २२ किलोमीटरांच्या मार्गावर तिच्यासाठी रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र वाट आहे. नवनगरला वीज कंपनीचे मुख्य कार्यालय दिसले, तसे मामा खिडकीकडे वळले. आवारातल्या साऱ्या गाड्या नव्या होत्या. पुढे उणकल तलाव मागे पडेपर्यंत ते बोलले नाहीत.

हुबळीत गदग रस्त्यावर रेल्वेचे संग्रहालय आहे. ते २०२० मध्ये उघडले. तिथले जुने डबे मामांनी हात लावून पाहिले. याच हुबळीत मुख्यालय असलेल्या नैर्ऋत्य रेल्वेने त्याच वर्षी शिवमोगा जिल्ह्यातल्या अरसाळू स्थानकाच्या जुन्या इमारतीत 'मालगुडी' संग्रहालय केले, कारण शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज'चे चित्रीकरण तिथे झाले होते. त्या मालिकेत स्वामीच्या वडिलांची भूमिका करणारे गिरीश कार्नाड धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी. मालिकेमुळे एका आडगावच्या स्थानकाला मान मिळाला, याचे मामांना कौतुक वाटले.

"आमच्या जीपला असे घर कोण देणार?" ते सहज म्हणून गेले. त्यांची जीप कधीच लिलावात गेली. आता तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणीच चालू राहत नाही. त्यांची वाट मोडीकडे जाते. त्या जीपचा एकही फोटो मामांपाशी नाही. मालिकांमध्ये ते इतकी वर्षे काय शोधत होते, ते आम्हांस त्या क्षणी उमगले.

परतल्यावर आम्ही वही काढली. जीपचा नंबर त्यांना अचूक आठवत होता. चालक कोण, पुढे कोण बसे, मागे कोण लोंबकळे, ही नावे त्यांनी एकेक करून सांगितली. शिडी बांबूची असे आणि तिच्या टोकाला तांबडे फडके बांधत. आषाढातल्या रात्री काथ्याचा दोर भिजून दगडासारखा जड होई. मालिकेतल्या शिडीला फडके नव्हते, हेही त्यांनी पुन्हा बजावले.

वाचकांपैकी कोणाच्या घरी वीज, टेलिफोन वा पाणीपुरवठ्याच्या जुन्या गाडीचा एखादा फोटो असेल, तर तो जपून ठेवावा ही विनंती. आणि फोटोत उभ्या असलेल्या माणसांची नावे पाठीमागे आजच लिहून ठेवावीत. गाडी कोणती ते फटी मोजून पुढेही ओळखता येईल; माणसे ओळखणारे मात्र आताच विरळ होत चालले आहेत.