बुजवलेला खड्डा

माझे बालपण तारापूरला गेले. खाडी घरापासून जवळच होती. ओहोटी लागली, की पाणी दूरवर मागे जाई आणि काळ्या चिखलाचे मैदान उघडे पडे. त्या चिखलात असंख्य बारीक छिद्रे दिसत. ती कोणाची घरे आहेत, हे मला सातवीत असताना कळले.

आमच्या शेजारी एक म्हातारे मच्छीमार राहत. तरुणपणी ते होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. म्हणून सगळे त्यांना तांडेलकाका म्हणत. आता ते खाडीकाठी बसून गळाने शिंगाळे पकडत. गळाला लावायला ते चिखलातून लांब, तांबूस किडे काढत. दर रविवारी मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. आमच्या घरात उर्दू बोलली जाई; माझे मराठी कच्चे होते. भरती, ओहोटी, उधाण, भांग हे शब्द मी पुस्तकातून नव्हे, काकांच्या तोंडून शिकलो.

पहिला किडा पाहून मला किळस आली. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक पायांची रांग होती. काका हसून म्हणाले, "तोंडाकडून धरू नकोस, चावेल."

काका करवंटीत दहाबारा किडेच घेत आणि प्रत्येक खड्डा पुन्हा चिखलाने भरून टाकत. मला हे उगाचच वाटे. भरती आल्यावर समुद्र खड्डा भरणारच ना!

एका रविवारी काका आजारी होते. मी एकटाच गेलो. बोईसरहून हौसेने मासे पकडायला आलेली काही माणसे म्हणाली, "डबाभर किडे दे, पैसे देऊ." मी भराभर वीसेक खड्डे खणले, डबा भरला, पैसे खिशात घातले आणि घरी पळालो. त्या पैशांतून मी चेंडू घेतला.

पुढच्या रविवारी काका मला त्याच जागी घेऊन गेले. माझे खड्डे तसेच होते. त्यांत काळे पाणी साचले होते आणि कुजलेल्या अंड्यांसारखी दुर्गंधी येत होती. जवळच काकांनी पूर्वी बुजवलेली जागा होती. तिथे नवी छिद्रे दिसत होती आणि प्रत्येक छिद्राभोवती तांबूस कडे होते. काका रागावले नाहीत. फावडे माझ्या हातात देत एवढेच म्हणाले, "घर मोडलेस पोरा, निदान दार तरी लाव." मान खाली घालून मी सगळे खड्डे बुजवले.

त्या तांबूस कड्याचा अर्थ मला पुढे महाविद्यालयात समजला. किडा अंग हलवून बिळात ताजे पाणी ओढतो. पाण्याबरोबर प्राणवायू खोल चिखलात जातो आणि चिखलातल्या लोहावर गंज चढतो. म्हणजे हा किडा चिखलाला श्वास देतो! अशाच एका समुद्री किड्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा एक रेणू प्राणवायूचे 156 रेणू वाहू शकतो. माणसाच्या हिमोग्लोबिनचा रेणू केवळ 4. प्रत्यारोपणाचे अवयव ताजे ठेवण्यासाठी फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी त्याचा उपयोग केला आहे. ज्याची मला किळस आली होती, त्याची ही थोरवी!

चिखल दूषित झाला, की बहुतेक जातींचे किडे नाहीसे होतात आणि काही चिवट जातीच उरतात. म्हणून शास्त्रज्ञ किडे पाहून किनाऱ्याची प्रकृती ओळखतात. आमच्या किनाऱ्याला याची फार गरज आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध इथल्या मच्छीमार समाजाच्या परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती.

आज काका नाहीत. बी.एड. करून मी शिक्षक झालो. दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी खाडीवर जातो. मुले चिखल खणतात, किडे पाहतात, "सर, चावेल का?" असे विचारतात. पाहून झाले, की किडा परत चिखलात सोडायचा आणि आपला खड्डा आपणच बुजवायचा, असा आमचा नियम आहे. निघताना मी एकदा मागे वळून पाहतो. एखादा खड्डा उघडा दिसला, तर कोणालाही हाक न मारता मीच परत जातो.